मी जातों, मी जातें

मराठी भाषेंत ‘मी’ म्हणणाऱ्या माणसाला फार वेळ लपून राहतां येत नाहीं. इंग्रजींत ‘आय गो’ म्हणणारा पुरुष आहे कीं स्त्री, हें त्या दोन शब्दांवरून कळण्यास मार्ग नाहीं. संस्कृतांत ‘गच्छामि’ म्हणतांनाहि तीच मोकळीक आहे. मराठींत मात्र ‘मी जातों’ आणि ‘मी जातें’ यांपैकीं एक कांहींतरी पत्करल्यावांचून बोलणाऱ्याला उंबरठा ओलांडतां येत नाहीं. मूल बोलूं लागतें तेव्हां त्याला आपल्या देहाची पुरती ओळख झालेली नसते; पण क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांत तें कोणत्या बाजूचें आहे याची नोंद घरची माणसें करून ठेवतात, आणि तें चुकलें तर हंसून दुरुस्त करतात.

व्याकरण हा आमचा विषय नव्हे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि गेलीं पंचवीस वर्षें शिकवीत आलों आहों. पण व्याकरणाचा एक साधा मुद्दा एका घरांत नीतीचा मुद्दा होऊन बसला, त्यांत एका निरपराध मुलाचें वर्ष गेलें, आणि त्यांत आमचाहि हात होता. आपल्या विद्वत्तेनें केलेली इजा माणूस सहसा लिहून काढीत नाहीं. तरी ती लिहून पाहावी असें वाटलें.

आमचे एक धाकटे चुलतबंधु गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, प्राणहितेच्या कांठच्या एका गांवीं शिक्षक होते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावर त्या प्रवाहास प्राणहिता हें नांव मिळतें, आणि ती तशीच दक्षिणेस सिरोंच्याकडे गोदावरीला मिळावयास जाते. पूर्वीं हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यांत मोडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला. नदीच्या पलीकडच्या तीरावर आतां तेलंगण आहे. बाजाराच्या दिवशीं त्या गांवांत तीन भाषा कानांवर पडतात : शाळा-कचेरीची मराठी, कित्येक दुकानदारांची व शेतकऱ्यांची तेलुगु, आणि रानांतून मोह, चारोळी, डिंक घेऊन येणाऱ्या माडियांची गोंडी. यांपैकीं तेलुगूंत व गोंडींत ‘मी जातों’ म्हणणाऱ्याला आपण पुरुष कीं स्त्री हें सांगावें लागत नाहीं. त्या भाषा ‘तो’ आणि ‘ती’ यांत भेद करतात, पण ‘मी’ला मोकळें सोडतात. म्हणजे त्या बाजारांत हिंडणाऱ्या मुलींपैकीं, तोंड उघडतांच आपलें स्त्रीत्व जाहीर करण्याचें बंधन फक्त मराठी बोलणारीवर होतें.

आमची पुतणी त्या बंधनांत बसणारी नव्हती. ती आईबापांची एकुलती एक. तिसऱ्या वर्षापासून ती ‘मी जातो’, ‘मी खातो’, ‘मी नाही येत जा’ असेंच बोले, आणि घरांत तें सर्वांना गोड वाटे. तिची आजी तिला आपल्या नातवंडांत मुलगा म्हणून मोजी. आईनें तिचे परकर शिवण्याचा नाद दोन वर्षांत सोडला, कारण ते कुंपणाच्या कांट्यांना अर्पण होत. नऊ-दहा वर्षांची असतांना ती प्राणहितेच्या डोहांत पोहूं लागली. कबड्डींत तिला पकडणें गांवच्या पोरांना जड जाई. आणि चौदाव्या वर्षीं ती वडिलांची मोटारसायकल हांकीत असे, तेंहि एका शिक्षकाच्या घरीं, कायद्याकडे काणाडोळा करून. तिचे वडील आलेल्यागेलेल्याला सांगत, “मला मुलगा नाही असं कोण म्हणतो? हा काय, समोर उभा आहे!” आम्ही सुटींत गेलों म्हणजे ती बसथांब्यावर आमची वळकटी खांद्यावर टाकी आणि म्हणे, “काका, तुम्ही चला पुढं, मी आणतो.” आम्ही हंसत असूं. हें आम्हीं दहाबारा वर्षें ऐकलेलें होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

त्या कौतुकाविषयीं येथेंच एक बोलून घेतों, कारण घटना सांगितल्यावर तें बोलण्याचा अधिकार आम्हांस राहणार नाहीं. ‘माझी मुलगी म्हणजे माझा मुलगाच’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतून फार मोठ्या मनाचें म्हणून बोललें जातें. बोलणाऱ्याचा हेतु चांगलाच असतो. पण त्यांतला हिशेब पाहिला तर मुलीला वरची जागा देतांना ती जागा मुलाचीच आहे हें त्यांत आधींच कबूल केलेलें असतें. आणि ज्या मुलीला ही जागा मिळते तिला लवकरच कळतें कीं ती एका अटीवर मिळाली आहे. ती अट कोणीं उच्चारलेली नसते. ती अशी, कीं या घरांत ‘मुलगी’ म्हणून जें कांहीं कमी दर्जाचें समजलें जातें तें तूं आपल्या अंगीं दिसूं देऊं नयेस. रडूं नयेस, नटूं नयेस, आणि कोणाकडे पाहून मान खालीं घालूं नयेस. मुलाला तरी या बाबतींत थोडी मोकळीक असते. मुलगा केलेल्या मुलीला मुळींच नसते.

तिच्या सोळाव्या वर्षीं, २०१३ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें गेलों. भाऊबीजेला तिची आत्या आली होती, आणि बहिणीकडून ओवाळून घ्यावयास मामाहि आले होते. घर भरलेलें होतें आणि मुलगी मात्र गप्प. कबड्डी बंद, नदी बंद. तिनें केंस वाढवावयास घेतले होते, आणि एके सकाळीं आईजवळ हिरव्या बांगड्या मागितल्या. या बांगड्यांचे अर्थ त्या घरांत किती निघाले! आईला वाटलें, देवानें आपलें गाऱ्हाणें ऐकलें, पोर वळणावर आली. वडिलांना वाटलें, अकरावीचा अभ्यास झेपत नसावा, किंवा अंगांत ताप असावा. त्यांनीं रक्त तपासण्याचा विचार बोलून दाखविला. आत्याबाईंनीं आपल्या दिराच्या साडूकडचें एक स्थळ आठवून ठेवलें. आम्हीं स्वतः, पुस्तकी माणसाला शोभेल असें, कौमार्यावस्थेंतील मनःस्थितीवर जेवतांना एक लहानसें प्रवचन केलें. मुलगी ताटावरून उठून गेली. तिच्यावर प्रेम करणारीं पांच माणसें त्या घरांत होतीं, आणि तिला काय झालें आहे हें विचारल्यावांचूनच प्रत्येकाला कळलें होतें.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं धुण्यांत तिच्या विजारीच्या खिशांतून घडी केलेला एक कागद निघाला. आजकालचीं मुलें चिठ्ठ्या लिहीत नाहींत, भ्रमणध्वनीवर बोटें चालवितात. पण त्या घरीं भ्रमणध्वनि एकच, आणि तो वडिलांच्या खिशांत. कागदावर बारा-पंधरा ओळी होत्या. वर नांव नव्हतें, खालीं सही नव्हती. लिहिणारानें म्हटलें होतें कीं मी रोज त्या वळणावर थांबतो, तुला दिसूं नये म्हणून मोहाच्या मागें उभा राहतो, तुझा आवाज ऐकूं आला कीं निघून जातो. मला कांहीं मागायचें नाहीं, फक्त हें कुठेंतरी लिहून ठेवावेंसें वाटलें. अक्षर सावकाश, जपून काढलेलें होतें.

कागद आमच्याकडे आणण्यांत आला. आम्ही प्राध्यापक, अक्षर, भाषा, लेखक यांविषयीं निवाडा द्यावयाचा तर दुसरें कोण देणार? आम्हीं चष्मा लावला, दोनदां वाचलें, आणि सांगितलें कीं हें मुलाचें लिखाण आहे. थांबतो, राहतो, जातो. याहून दुसरा पुरावा कशाला हवा? हें पत्र कोणीं तरी मुलीला दिलेलें आहे आणि तिनें तें जपून ठेवलें आहे. आमचा निवाडा ऐकून तिचे वडील भिंतीला टेकून बसले. मामा उभे राहिले.

संशयाला मुलगा हुडकावा लागला नाहीं. शेजारीं एक तेलुगु किराणा दुकानदार होते. त्यांचा मुलगा बारावींत होता, आणि आमच्या पुतणीबरोबर लहानपणापासून खेळत असे. त्या सोबतीबद्दल आजवर कोणीं ब्र काढला नव्हता, कारण ती दोघें ‘मुलगे’च होतीं! एका कागदानें तिला एका दुपारींत मुलगी केलें, आणि त्यासरशी त्या मुलाला चोर केलें. मामा त्यांच्या दुकानांत गेले. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलांत आला होता. त्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक ठरविलें आहे. त्या कायद्याचें नांव मामांनीं भर दुकानांत, गिऱ्हाइकांच्या समोर घेतलें. मुलगा अठरा पूर्ण झालेला, मुलगी सोळांची. दुकानदार गृहस्थ शांत प्रकृतीचे. त्यांनीं एवढेंच म्हटलें कीं माझा मुलगा असें लिहिणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांनीं मुलाला नदीपलीकडे आपल्या नातलगांकडे पोंचतें केलें. त्याची त्या वर्षाची परीक्षा बुडाली.

वडिलांच्या त्या उत्तरांत पुत्रप्रेमाखेरीज एक पुरावाहि होता, आणि तो आम्हांस दिसावयास हवा होता. त्या मुलाचें मराठी आम्हीं ऐकलें होतें. ज्याच्या मातृभाषेंत मराठीसारखीं तीन लिंगें शब्दाशब्दाला चिकटलेलीं नाहींत, त्याच्या तोंडीं मराठी कसें घसरतें हें त्या भागांत पोरासोरांना माहीत आहे. ‘माझा पुस्तक’, ‘मोठी झाड’ असें तो बोले आणि आमची पुतणी त्याला वेडावी. कागदावरच्या पंधरा ओळींत लिंगाची एकहि चूक नव्हती. शिवाय अक्षर. घरच्या कोणासहि तें ओळखतां आलें नाहीं, कारण मुलीचें नेहमींचें अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग मोडावी तसें. तिनें कांहीं जपून लिहिलें असेल अशी कल्पनाच कोणास शिवली नाहीं.

जॉर्ज एलियट या पुरुषी नांवानें लिहिलेल्या ‘सीन्स ऑफ क्लेरिकल लाइफ’ या कथा १८५८ सालीं पुस्तकरूपानें डिकन्सच्या हातीं पडल्या, तेव्हां त्यानें लेखकास पत्र लिहून, हें लिखाण मला तरी बाईचें वाटतें असें कळविलें. या नांवामागें कोण आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. ही हकीकत आम्ही दरसाल वर्गांत मोठ्या रसानें सांगतों. आमच्या मांडीवर खेळलेल्या मुलीचा आवाज मात्र आम्हांस पंधरा ओळींत ओळखूं आला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मुलीला कळलें कीं शेजारचा मुलगा गांवांत नाहीं. तोंपर्यंत तिला माजघराबाहेर येऊं दिलें नव्हतें, आणि तिच्याशीं कोणी नीट बोललेंहि नव्हतें. तिच्याविषयीं बोलणें चाललें होतें. ती बाहेर आली, आम्ही बसलों होतों त्या झोपाळ्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, “ते मी लिहिलंय.”

मराठीचा विलक्षणपणा असा, कीं जें वाक्य सर्वांत अवघड होतें त्यांत तिला लिंग निवडावें लागलें नाहीं. ‘मी लिहिलें’ यांत क्रियापद कर्माच्या मागें जातें. बोलणारा पुरुष असो कीं स्त्री, तें तेंच राहतें. ‘जातों’ आणि ‘जातें’ यांच्या कचाट्यांतून भाषेनें तिला त्या एका वाक्यापुरतें सोडविलें. हें आम्हांस अर्थात् मागाहून सुचलें. त्या वेळीं आम्ही झोपाळ्याची कडी धरून बसलों होतों.

“कोणाला?” असें तिच्या वडिलांनीं विचारलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. रागावून नव्हे, आपण ज्याचें उत्तर द्यावें अशांतला हा प्रश्न नाहीं, असें तिच्या चेहऱ्यावर दिसत होतें. तिनें दुसरेंच विचारलें : “त्याला कधी परत आणणार?”

त्याला परत आणतां आलें नाहीं. तिचे वडील त्याच संध्याकाळीं दुकानांत गेले, पायांवर डोकें ठेवावयास झाले. दुकानदारांनीं त्यांना हाताला धरून बसविलें, चहा दिला, माफी स्वीकारली, आणि मुलगा आतां तिकडेच राहील असें सांगितलें. मामा तत्पूर्वींच बसनें गेले होते. आमची सुटी संपावयास चार दिवस होते. तीं चार दिवसांचीं जेवणें आम्हांस आठवतात.

मुलीच्या कबुलीनें गैरसमज संपावे. पण ते नुसतें वळण घेऊन पुढें चालूं लागले. आत्याबाईंनीं आम्हांस बाजूला घेऊन हळूच म्हटलें, “दादा, ही मुलगा होऊन लिहिते, म्हणजे ज्याला लिहिलं ती मुलगी तर नसेल?” आम्हीं मनांतल्या मनांत कागद पुन्हा वाचला. ‘तुला’ होतें, ‘तुझा’ होता. ‘तूं आलास’ किंवा ‘तूं आलीस’ असें एकहि क्रियापद नव्हतें. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला तिनें संपूर्ण झांकून ठेवलें होतें, आणि स्वतःला अर्धे. आजच्या वाचकांपैकीं पुष्कळांना आत्याबाईंची शंका सुचली असेल. कोणाला याहून पुढें जाऊन, ती स्वतःला मुलगी समजतच नसावी असेंहि वाटेल. तशीं माणसें असतात, त्यांचीं दुःखें खरीं असतात, आणि सज्ञान माणसांच्या अशा प्रेमाला सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं गुन्ह्याच्या यादींतून काढून टाकलें तें योग्यच झालें. पण आमच्या पुतणीच्या बाबतींत हें खरें कीं तें खरें, हें आम्ही जाणत नाहीं. तें तिनें सांगावयाचें आहे, आणि तिनें सांगितलेलें नाहीं. आत्याबाईंच्या शंकेंत उदारपणा थोडाहि नव्हता, पण उदार माणसानें तीच शंका घेतली तरी घाई तीच राहते. एक चिठ्ठी चुकीची लावली म्हणून दुसरी चिठ्ठी तयार ठेवावयाची, एवढाच फरक.

आणि मुलीनें पुल्लिंगी क्रियापदांत प्रेम लिहिलें यांत एवढें नवल तरी कोणतें? आपल्या भाषेंत पुरुषांनीं स्त्रीच्या क्रियापदांत प्रेम लिहावें हा सातशे वर्षांचा शिरस्ता आहे. ज्ञानेश्वरांनीं विरहिणी लिहिल्या, एकनाथांनीं गौळणी लिहिल्या. होनाजी, राम जोशी यांच्या लावण्यांत बोलणारी बहुधा बाईच असते. बालगंधर्वांची रुक्मिणी १९१६ सालीं ‘स्वयंवरां’त आणि सिंधु १९१९ सालीं ‘एकच प्याल्यां’त महाराष्ट्रानें पाहिली, आणि घरोघरच्या बायकांनीं त्या पुरुषाच्या साडीची व अंबाड्याची नक्कल केली. झाडीपट्टींतल्या दंडारींत पुरुषच लुगडें नेसून नाचत आले. यांपैकीं कोणाच्याहि खिशांतला कागद कोणी प्राध्यापकाकडे नेला नाहीं. उलट दिशेनें एक मुलगी चार पावलें चालली, तेव्हां आम्हांस वाटेचें नांवहि आठवेना. वास्तविक कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असें पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत, आणि त्यांचे संसार व्यवस्थित चाललेले आहेत.

१९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालें, तेव्हां विभावरी शिरूरकर कोण, या शोधांत आपल्या सुशिक्षित समाजाचा बराच वेळ गेला. कळ्या काय म्हणत आहेत याकडे लक्ष देण्यापेक्षां तें म्हणणारी बाई सांपडणें अधिक निकडीचें वाटलें. आमच्या चुलतबंधूंच्या घरीं दिवाळींत तोच प्रकार झाला. त्या पंधरा ओळींत एका मुलीनें सांगितलें होतें कीं मला कांहीं मागायचें नाहीं. सहा मोठ्या माणसांनीं त्या वाचल्या किंवा ऐकल्या, आणि हें वाक्य कोणाच्याहि कानांत शिरलें नाहीं.

तरी वडिलांची बाजू आम्हांस मांडली पाहिजे. आम्हीं ती त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि तिला उत्तर देणें सोपें नाहीं. ते म्हणाले, “दादा, तुम्ही शहरांत राहतां. इथं शाळा सुटलेल्या मुली आम्ही पाहतो. कोणी भुलवून नेलेली, कोणाचं सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. कागद सांपडल्यावर मी तो घडी करून परत खिशांत ठेवायचा होता काय?” १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय चौदा केलें, १९७८ च्या दुरुस्तीनें तें अठरा झालें, कागदावरचें वय रानांतल्या गांवापर्यंत पोंचावयास किती वेळ लागतो हें शिक्षकाहून अधिक कोण जाणणार? धोका खोटा नव्हता. मग दोष कोठें होता? कागद वाचण्यांत एक वेळ नसेल. पण वाचल्यावर जिच्या खिशांत तो मिळाला तिला सोडून बाकी सर्वांना विचारण्यांत आला. राखण करणारा कुंपणाकडे तोंड करून उभा असतो. आम्ही सर्वजण आंत तोंड करून उभे होतों. आणि आमचा गैरसमज अज्ञानानें झाला असेंहि म्हणवत नाहीं. ती ‘मी जातो’ म्हणते हें त्या घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. पण तिचें मन कोणावर बसेल, आणि तें ती स्वतः होऊन लिहील, याहून कोणीतरी बाहेरचा येऊन तिला बिघडवील ही कल्पना आम्हांस अधिक सोयीची होती. पहिलींत तिचें मन होतें. दुसरींत फक्त तिची अब्रू होती.

जुन्या ग्रंथांतील बाप या बाबतींत आम्हांपेक्षां बरे होते असें कधीं कधीं वाटतें. अश्वपतीनें सावित्रीला सांगितलें कीं तुला मागणी घालावयास कोणी येत नाहीं, तर तूंच जाऊन शोध. आणि ती रथांत बसून वनांतून निघाली. वटपौर्णिमेला जिची पूजा होते ती अशी स्वतः निवड करून आलेली मुलगी आहे, आणि तिची पूजा करून परतलेली आई लेकीच्या दप्तराची झडती घेते. कण्व आश्रमांत परतल्यावर शकुंतलेचें सारें त्यांना कळलें. लाजेनें मान खालीं घातलेल्या त्या मुलीला त्यांनीं प्रथम जवळ घेतलें, प्रश्न विचारले नाहींत. आमच्या मुलुखांतल्या माडियांचें गोटुल घ्या. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरियर एल्विन यांचा मोठा ग्रंथ १९४७ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून शहरी माणसानें गोटुलाविषयीं जें जें बोलावें त्यांत माडिया थोडे आणि बोलणाऱ्याचें मन फार असें झालें आहे. ग्रिग्सन यांनीं १९३८ मध्येंच लिहून ठेवलें होतें कीं डोंगरी माडियांत मुलगे गोटुलांत निजतात आणि मुली नाचगाणें आटोपून घरीं परततात. पण आमचा मुद्दा तेथें कोण निजतें हा नाहीं. तरुणांनीं एकमेकांना पाहावें, गावें, नाचावें यासाठीं गांवाच्या मध्यावर, सर्वांच्या देखत जागा ठेवलेली आहे, हा आहे. आमच्या पुतणीला मोहाच्या झाडामागें उभें राहावें लागलें.

रवींद्रनाथांची चित्रांगदा आम्हांस त्या दिवाळीनंतर वारंवार आठवली. महाभारतांत ती मणिपूरच्या राजाची कन्या आहे, आणि तिचा पुत्र मातामहाचा वंश चालविणार एवढेंच सांगितलें आहे. रवींद्रनाथांनीं १८९२ सालच्या नाटकांत तिला मुलासारखी वाढविलेली, शस्त्र धरणारी केली. अर्जुन दिसतो, तिचें मन जातें, आणि तो तिला स्वीकारीत नाहीं. मग ती मदनाजवळ एका वर्षापुरतें सौंदर्य मागते. तें मिळतें, अर्जुन भुलतो, आणि वर्ष संपत येतां येतां त्याला त्या देशच्या शूर राजकन्येविषयीं ऐकून तिलाच पाहावेंसें वाटूं लागतें. आमच्या पुतणीनें आईजवळ मागितलेल्या हिरव्या बांगड्या आम्हांस या नाटकानंतर समजल्या. आईला वाटलें तसें पोर ‘वळणावर’ येत नव्हती. ती एका दिवसापुरतें कांहीं उसनें मागत होती. तें देऊन कोणीं कांहीं बोललें नसतें तर तिनें त्या बांगड्या आठ दिवसांत नदीवर फोडून टाकल्या असत्या, किंवा जन्मभर घातल्या असत्या. दोन्हींत घरानें करण्यासारखें कांहीं नव्हतें.

शेक्सपिअरची रोझालिंड आम्ही दरवर्षीं शिकवितों. ती पुरुषवेषानें अरण्यांत जाते, आणि त्याच वेषांत आपल्या प्रियकराला प्रेम कसें करावें याचे धडे देते. मराठी मुलांना ती समजावतांना आम्हांस पूर्वीं एकच अडचण वाटे : तिचें वाक्य मराठींत आणतांना तिला ‘जातों’ म्हणूं द्यावें कीं ‘जातें’? दोन्ही खरें, दोन्ही खोटें. पूर्वीं आम्ही हा प्रश्न अनुवादाच्या गमतींत घालून पुढें जात असूं. आतां त्या पानावर आलों म्हणजे वर्गांत थोडा वेळ थांबतों, आणि मुलांना कारण सांगत नाहीं. एक गोष्ट मात्र ध्यानांत आली आहे. जो ‘आम्ही’ आम्ही या लेखांत आरंभापासून वापरीत आहों, त्याला हें संकट नाहीं. ‘आम्ही जातों’, ‘आम्ही गेलों’; पुरुष असोत, बायका असोत, अनेकवचनांत लिंग बुडून जातें. मोठ्या माणसांना भाषेनें ही सवलत दिली आहे. सोळा वर्षांच्या मुलीला एकवचनांतच बोलावें लागतें.

तो कागद आमच्याजवळ राहिला होता. त्या गोंधळांत आम्हीं तो आपल्या एका पुस्तकांत ठेवला, आणि चंद्रपुराहून पुढें रेल्वेंत बसल्यावर तो हातीं लागला. टपालानें परत पाठविण्याचें धाडस झालें नाहीं. पाकीट पुन्हा कोणाच्या तरी हातीं पडतें. शेजारच्या मुलाला आम्हीं एक पत्र लिहिलें, मोडक्या तेलुगूंत दुसऱ्याकडून लिहवून घेतलें, त्याचें उत्तर आलें नाहीं; यावें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

पुतणी पुढें चंद्रपुरास शिकावयास राहिली. मध्यंतरीं आमची तिची गांठ पडली ती पांच वर्षांनीं, तेथल्या बसस्थानकावर. केंस पुन्हा आंखूड होते; एका हातांत एकच हिरवी बांगडी होती. मामांची, आत्याची, आजीच्या गुडघ्यांची चौकशी झाली. आम्हीं पिशवींतून पुस्तक काढलें, त्यांतला कागद काढला, आणि तो तिच्या पुढें केला. क्षमेचे जे शब्द पांच वर्षें मनांत रचून ठेवले होते ते मराठींत होते कीं इंग्रजींत, हेंहि त्या वेळीं आठवेना.

तिनें घडी उलगडली नाहीं. विजारीच्या खिशांत कागद घातला, आमची पिशवी उचलून बसच्या पायरीवर ठेवली, आणि म्हणाली, “काका, खिडकीशी बसा. मी पाणी घेऊन येतो.”